चेसिस नंबर तोच

गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात, एक इंजिनाचा आणि एक चेसिसचा. इंजिन बदललं तर साहेबाच्या सहीने जुना नंबर खोडून नवा घालता येतो आणि गाडी तीच राहते. चेसिसचा नंबर मात्र लोखंडावर ठोकलेला. त्यावर कोणी कानस फिरवल्याचा नुसता संशय आला तरी मालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. थोडक्यात, सरकारच्या लेखी गाडी म्हणजे तिचा सांगाडा. आत जीव कोणाचाही असो.

चालवणाऱ्याला हे पटत नाही. तो गाडी आवाजावरून ओळखतो. रात्री रस्त्यावरून कोणाची जीप गेली हे खाटेवर पडल्या पडल्या सांगणारी माणसं आमच्या कामरगावात होती, अजून आहेत. त्यांच्या हिशेबी इंजिन बदललं की गाडी दुसरी झाली, पाटी काय वाट्टेल ते म्हणो. आमच्या पिकअपचं इंजिन बदललं तेव्हा दोन्ही मतांची माणसं ओट्यावर जमली होती.

तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता. कारंजा तालुका अकोल्यात, म्हणून पिकअपची पाटी एमएच-३०. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला आणि नव्या गाड्यांना एमएच-३७ मिळू लागलं. गाव हललं नाही, शिवार हललं नाही. आमची पाटीही अकोल्याचीच राहिली.

पिकअप महिंद्राची आणि इंजिन प्यूजोचं. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीच्या कारखान्यात ते बनू लागलं. नावातले चार म्हणजे सिलिंडर, नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. सगळं मिळून २११२ सीसी. त्याआधीची जीप पेट्रोलची. मुंबईत माझगावला १९४९ पासून विलीजच्या जीपा जुळवल्या जात होत्या, आणि तो सांगाडा मुळात अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेला. १९७३ नंतर जगभर तेल महागलं. आपल्याकडे सरकारने डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त ठेवलं होतं. मग पेट्रोल पिणारी जीप खेड्यात कोण पोसणार? अमेरिकन सांगाड्यात फ्रेंच इंजिन घालायचं काम खुद्द कंपनीनेच आधी केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ती फक्त मिस्त्री लोकांची करामत समजत होतो. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन, पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन, असले संसार नव्वदीच्या दशकात आमच्या भागातल्या गॅरेजांत सर्रास लागत. मॅटाडोरचं ते इंजिनही मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं. जर्मन मोटारीचा जीव बंगाली मोटारीत जाऊन वऱ्हाडातली वरात ओढायचा आणि कोणाला त्यात नवल वाटायचं नाही.

माझ्या दादाने ही पिकअप जुनीच घेतली होती. काही वर्षं तिने इमानाने काम केलं, मग इंजिन थकलं. सकाळी हीटर प्लग तापवून तापवून बॅटरी बसायची, चालू झाली की ओटा पांढऱ्या धुराने भरायचा. डिझेलबरोबर ऑइलही प्यायला लागली. माल भरून चढावर निघाली की रेडिएटरचं झाकण उडेल की काय अशी धास्ती. बोअर करून नवे पिस्टन घालता आले असते, पण क्रँकही घासला होता. नवी पिकअप घ्यायची तर कर्ज, आणि कर्ज म्हणजे सातबाऱ्यावर बोजा. अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये दांडगं व्ही-एट इंजिन बसवणारे हौशी लोक आहेत. ते शनिवार-रविवारची करमणूक म्हणून करतात. आमच्याकडे तोच उद्योग सातबारा कोरा ठेवण्यासाठी होतो.

कारंज्याच्या गॅरेजवाल्या वस्तादांनी उपाय सुचवला, डीआय इंजिन टाका. अकोल्याला भंगारात अपघाताच्या जीपचं इंजिन पडलं होतं, पुढचा भाग चेपलेला पण ब्लॉक धड. वस्तादांनी त्याची टोपी काढून आत बोट फिरवलं, बोट हुंगलं, आणि दादाला म्हणाले, "भाऊ, प्यूजो घोडं व्हतं. हे हेला हाय. पळनार नाई, पन वढीन."

हेला म्हणजे रेडा, आणि उपमा तंतोतंत होती. या डीआयचं कूळ शेतातलं. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि इंग्लंडच्या नमुन्याचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडे आला. त्याच्या पिस्टनची धाव चार इंचांची. जीपसाठी पुढे जे २५२३ सीसीचं डीआय इंजिन निघालं ते याच घराण्यातलं. सिलिंडर थोडा रुंद झाला, धाव मात्र चार इंचच राहिली. प्यूजोची धाव ८३ मिलिमीटर, याची १०१.६. प्यूजोचा पिस्टन रुंद नि आखूड धावेचा, म्हणून ते भरभर फिरायचं. याची धाव लांब, म्हणून फेरे कमी आणि दर फेऱ्याला जोर जास्त. पंचवीस पोती सोयाबीन घेऊन पावसाळ्यातल्या चिखलातून निघायचं तर याहून दुसरं काय पाहिजे?

पण इंजिन विकत घेणं ही सगळ्यात सोपी गोष्ट. ते बसवणं म्हणजे काय ते मी गॅरेजच्या आवारात उकिडवा बसून पाहिलं.

लोखंडी तिपाईला चेन कुप्पी टांगून जुनं इंजिन उचललं, तेव्हा पिकअपचं नाक हातभर वर आलं. तिचे पुढचे पाटे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ झाले असावेत. नवं इंजिन वजनाला जास्त. ते उतरवल्यावर नाक पूर्वीपेक्षा खाली गेलं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवावा लागला. मग गिअरबॉक्स. तो जुनाच ठेवायचा होता, कारण पैसे संपत आले होते. दोन्ही इंजिनांच्या पाठीवरची बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट घालायची, एका अंगाला नव्या इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला जुन्या बेल हाउसिंगची. ऐकायला सोपं वाटतं. खरी गोम अशी की गिअरबॉक्समधून निघालेल्या क्लच शाफ्टचं टोक क्रँकच्या मधोमध बसवलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतं. प्लेटीचा मध्य आणि क्रँकचा मध्य यांत केसभर फरक राहिला तर गाडी चालू होते, चालतेसुद्धा. पण तो शाफ्ट दर फेऱ्याला किंचित वाकतो, आणि काही महिन्यांत बेअरिंग, मग सील, मग गिअरचे दात जातात. बिघाड कशाने झाला हे तोवर कोणाला आठवतही नाही.

लेथवाल्याने कापलेली पहिली प्लेट वस्तादांनी परत पाठवली. दादा वैतागला. "एवढंसं तर हाय, बसून जाईन नं वस्ताद," म्हणाला. वस्तादांनी काही न बोलता फ्लायव्हीलवर डायल लावला, लोखंडी सळईने फ्लायव्हील हळूहळू फिरवलं, आणि काटा हलला की दादाकडे बघायचे, काटा हलला की बघायचे. दुसरी प्लेट आली ती दादानेच स्वतः लेथवर उभं राहून कापून आणली.

त्यानंतर क्लच प्लेट. बाहेरचा घेर नव्या फ्लायव्हीलचा हवा, मधल्या भोकातल्या खाचा जुन्या शाफ्टच्या हव्यात. दोन प्लेटी फोडून एक केली. मग कळलं की इंजिनाचं चेंबर पुढच्या एक्सलला लागतंय. रिकामी गाडी उभी असताना नाही, खड्ड्यात आपटली की लागेल. म्हणून फाउंडेशनखाली पॅकिंग घालून इंजिन उचललं. इंजिन उचललं तर पंखा रेडिएटरच्या जाळीला टेकायला आला. रेडिएटर पुढे सरकवला तर बॉनेटची कडी लागेना. एक प्रश्न सोडवला की तो पुढच्या जागी जाऊन बसायचा. एकाला मिलिमीटरचा पाना लागायचा, दुसऱ्याला इंचाचा. पोऱ्या दोन डब्यांतून पाने शोधत शिव्या खायचा. मला तर असं वाटू लागलं होतं की दोन इंजिनांपेक्षा दोन देशांमधली मोजमापंच एकमेकांशी भांडतायत आणि मधे आमचा पोऱ्या मार खातोय.

डीआयला हीटर प्लग लागत नाहीत. प्यूजोत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटायचं, तो कप्पा थंडीत तापवावा लागे. यात ते थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारतं. म्हणजे डॅशबोर्डवरचं हीटरचं बटण निकामी झालं. ते काढलं तर भोक दिसेल म्हणून तसंच ठेवलं. दादा पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी ते दाबून, थोडं थांबून मगच सेल्फ मारायचा. तार कशालाच जोडलेली नव्हती.

वऱ्हाडाला परकायाप्रवेश नवा नाही. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव वारला आणि त्याच्या देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला, तेच चक्रधर, असं महानुभाव सांगतात. आणि त्या चक्रधरांना गोविंदप्रभू भेटले ते इथल्याच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. आमच्या तालुक्याचं कारंजा तर नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. श्रीपाद श्रीवल्लभांनी दुसरा देह घेतला तो तिथे, ही दत्तभक्तांची श्रद्धा. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले तेव्हा प्रधानांना संशय आला म्हणे, कारण राजा अचानक फार शहाण्यासारखा वागायला लागला. आमची पिकअपही सुरुवातीला तशीच वागली. सेल्फला हात लावताच चालू, धूर नाही, पाणी उकळणं नाही. बघणाऱ्यांना कौतुक कमी आणि संशय जास्त.

या सगळ्या कथांमध्ये शिरणारा जीव पुढे काय करतो ते सविस्तर सांगितलेलं असतं. ज्या देहात तो शिरला त्याच्या गुडघ्यांचं काय झालं, हे मात्र कोणी सांगत नाही.

पिकअपच्या गुडघ्यांनी लवकरच सांगायला सुरुवात केली. आधी हेडलाईटच्या काचा हादऱ्याने सैल झाल्या, मग रेडिएटरच्या आधाराला तडा गेला. त्यानंतर भरल्या गाडीने चिखलातून निघताना प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. तो बदलला तर तिसरा गिअर उडी मारू लागला. तोही बदलला, तर हौदीतून, म्हणजे मागच्या डिफरेन्शियलमधून, रडका आवाज येऊ लागला. प्यूजो होतं तोपर्यंत हे सगळे भाग सुखाने नांदत होते, कारण जोर यायचाच बेताचा. डीआयने प्रत्येकाला जाऊन विचारलं की तुझ्यात किती दम आहे, आणि ज्याच्यात नव्हता तो पडला. शिवाय वेग गेला. इंजिन फिरणारच हळू आणि मागचा क्राउन-पिनियन जुनाच, त्यामुळे सपाट रस्त्यावर एसटीसुद्धा मागून हॉर्न मारून पुढे निघून जायची. पुढे दादाने दुसऱ्या मापाचा क्राउन-पिनियन घातला तेव्हा ती जरा माणसात आली. ब्रेक मात्र त्याने कधी बदलले नाहीत, आणि मला त्या गोष्टीची खरी भीती वाटायची. गाडीला जोर दिला की सगळे खूश होतात. थांबायची सोय वाढवायला पैसा काढणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

त्याच वर्षांत शिवारातही असंच काही चाललं होतं. आमच्याकडे पूर्वी कपाशी, तूर आणि ज्वारी. नव्वदीच्या दशकात सोयाबीन आलं नि बघता बघता शिवारभर झालं. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक हातात, दिवाळीच्या आत पैसा. कोण नाही म्हणेल? जमीन तीच, धुरे तेच, मालक तेच. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी बैलांची वैरण महागली, आणि सोयाबीनच्या कुटारावर बैल किती निघणार? बैल कमी झाले, शेणखत कमी झालं, बंडी ओट्याच्या कडेला टेकून उभी राहिली आणि मग माल न्यायला पिकअपशिवाय गत्यंतर उरलं नाही. आमची पिकअप ही या साखळीतली एक कडी होती हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं आपली प्रगती झाली. झालीही होती. आजीला फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. ती म्हणायची, "पोतं पोतं पिकवता अन् घरात एक दाना शिजत नाई, हे कायचं पीक बापा?"

आजीला इंजिन बदलण्याचंही काही विशेष वाटलं नव्हतं, कारण तिने त्याहून मोठी बदली पाहिली होती. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालायची. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं ते झेडडी इंजिन १९२३ मध्ये या मार्गावर आलं आणि सत्तर वर्षं राबलं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल इंजिन लावलं. मागे गाडी तीच, रूळ तेच, थांबे तेच. आजीचं म्हणणं एवढंच होतं की आता लुगड्यावर कोळशाचे कण पडत नाहीत, ते बरं झालं. नव्या इंजिनाने गाडी वेगात धावेल अशी ज्यांना आशा होती त्यांची निराशा झाली, कारण रूळ आणि पूल कुठे बदलले होते? आता ती गाडीही बंद आहे आणि रुंद रुळांची वाट बघणं चालू आहे.

आमच्या पिकअपचं इंजिन बदललं तेव्हा कायदा मऊ होता. आरटीओला कळवायचं, मान्यता घ्यायची, बुकात नोंद करायची. दादाने अकोल्याला खेटे घालून ती केली. २००० मध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदललं आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलं त्याच्याशी विसंगत बदल करायला बंदी आली. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी पक्की केली. आता इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, तेही परवानगी घेऊन. मला हा कायदा पटतो. आमच्या पिकअपचे ब्रेक आठवले की जास्तच पटतो. पण २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी दुचाकीचे भाग वापरून बनवलेली, किक मारून चालू होणारी जीप साऱ्या देशाने पाहिली. ती नियमात बसत नाही हे मान्य करूनच आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली आणि महिनाभरात दिलीही, तेव्हा मला आमचे वस्ताद आठवले. त्यांना कोणी बोलेरो दिली नाही. त्यांच्या डायलचा काटा शून्यावर थांबायचा, हीच त्यांची पावती.

पिकअप शेवटी फिटनेसमध्ये अडली. चेसिस मागच्या बाजूला गंजून कागदासारखा झाला होता. त्यावर वेल्डिंग धरेना. नंबर असलेला तुकडा तेवढा शाबूत. गंमत अशी की इंजिन अजून ठणठणीत होतं. सरकारला जे कायमचं वाटतं ते आधी गेलं आणि बदलून आणलेलं मागे राहिलं. सांगाडा भंगारात किलोवर गेला. इंजिन दादाने गोठ्यात ठोकळ्यांवर ठेवलं, कधीमधी चालू करून बघायचा.

गेल्या सालच्या हंगामाच्या आधी मानोऱ्याकडचा एक शेतकरी ते थ्रेशरवर बसवायला म्हणून बघायला आला. त्याने ऑइलची काडी काढून हुंगली, पट्टा ओढून पाहिला, मग विचारलं, "कोन्या गाडीचं व्हय हे?"

दादा घोटाळला. अकोल्याची जीप म्हणावं तर ती त्याने कधी धड पाहिलीच नव्हती, नुसता चेपलेला पुढचा भाग पाहिला होता. पिकअप म्हणावं तर तिचं बुक सुरुवातीला प्यूजोच्या इंजिनावर निघालेलं.

"गाडीचं कायले विचारता," तो म्हणाला, "मुळात हे ट्रॅक्टरच्या जातीचं हाय. तुमच्या कामाचंच हाय."

"मंग दोन हजार कमी करा," पाहुणा म्हणाला. "गाडीचं असतं तर दिले असते."